मुलीची एमबीए सीईटी : क्लासची फी नंतर, आधी रोजचे दोन तास



बैठकीत अंतर्गत कर्जाच्या मागण्या वाचल्या जातात तेव्हा खत-बियाणं, शेळी, दवाखाना, लग्न ही कारणं आपल्या कानाला सवयीची आहेत. हल्ली त्यात एक नवं कारण ऐकू येतं. "पोरीला एमबीएच्या परीक्षेचा क्लास लावायचाय, चाळीस हजार पाहिजेत." मागणाऱ्या ताईला विचारलं की ही परीक्षा कसली, कधी असते, क्लास कशाचा, तर ती म्हणते, "ते पोरीलाच ठाऊक." बाकीच्या नऊ जणींनाही ते ठाऊक नसतं. पण मुलगी शिकतेय म्हटल्यावर नाही म्हणवत नाही, आणि कर्ज मंजूर होतं.

मुलगी शिकावी, तिने पुढे जावं, याबद्दल आपल्यात दुमत नाही. पण चाळीस हजारांवर शेकडा दोन म्हणजे महिन्याला आठशे रुपये नुसतं व्याज. एवढा पैसा जिथे जाणार ती गोष्ट काय आहे हे आईला आणि गटाला दोघांनाही कळायला हवं. म्हणून हा लेख. मुलगी स्वतःची माहिती मोबाइलवर शोधेल. हे तुमच्यासाठी आहे, आणि घरात पदवी झालेली सून असेल तर तिच्यासाठी सुद्धा.

आधी परीक्षा कोणती ते विचारा

एमबीए म्हणजे व्यवसाय कसा चालवायचा याचं दोन वर्षांचं शिक्षण. हिशेब, विक्री, माणसं सांभाळणं, पैसा उभा करणं, सगळं त्यात येतं. काही कॉलेजांत त्यालाच एमएमएस म्हणतात. ते पदवीनंतर करतात. आपल्या राज्यातल्या कॉलेजांसाठी जी परीक्षा असते तिचं नाव एमएएच एमबीए/एमएमएस सीईटी. ती मुंबईचा राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, म्हणजे लोक ज्याला सीईटी सेल म्हणतात, तो घेतो. बारावीनंतरच्या बीबीए, बीएमएस, बीसीएसाठी वेगळी सीईटी आहे. नावं सारखी असल्यामुळे फॉर्म भरताना गोंधळ होतो, म्हणून सेवा केंद्रात बसल्यावर "पदवीनंतरची" असं स्पष्ट सांगा.

दुसरी मोठी परीक्षा कॅट. ती आयआयएम संस्था घेतात. अहमदाबाद आणि कोलकात्याची आयआयएम १९६१ ची, सगळ्यात जुनी. आपल्या राज्यात नागपूरला आणि मुंबईला आयआयएम आहे. कॅट नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी असते आणि तिचे फॉर्म ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच भरून होतात. ती सीईटीपेक्षा बरीच अवघड, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापतात. याशिवाय सीमॅट आहे, काही खासगी विद्यापीठांच्या आपापल्या परीक्षा आहेत. प्रत्येकीची फी वेगळी. चार-पाच फॉर्म भरले की फॉर्मच्या फीतच घरातला महिन्याचा किराणा जातो. माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी राज्याची सीईटी हीच मुख्य धरावी. अभ्यास चांगला झाला असेल तर जोडीला कॅट.

सीईटीला बसायला कोणतीही पदवी चालते. बीए, बीकॉम, बीएस्सी, कृषी, काहीही. पदवीला ५० टक्के लागतात, राज्यातल्या मागासवर्गीय आणि दिव्यांग उमेदवारांना ४५ टक्के. शेवटच्या वर्षाला असलेली मुलगीही परीक्षा देऊ शकते. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची पदवी असेल तरी अडचण नाही. आणि वयाची अट नाही. लग्नानंतर शिक्षण थांबलेल्या, तिशी ओलांडलेल्या कितीतरी पदवीधर सुना आपल्या गावांत आहेत. आपल्या काही सीआरपी ताई सुद्धा त्यात बसतात. त्यांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावं.

पेपरात असतं तरी काय

संगणकावर पेपर असतो. २०० प्रश्न, १५० मिनिटं. भागाकार करा, एका प्रश्नाला ४५ सेकंद मिळतात. चहाला उकळी येते तेवढाही वेळ नाही. सगळा खेळ त्या ४५ सेकंदांचा आहे. प्रश्न फार अवघड नसतात, पण विचार करत बसायला सवड नसते. म्हणून ही परीक्षा पाठांतराने होत नाही, सरावानेच होते.

२०० पैकी ७५ प्रश्न तर्काचे, २५ आकृत्यांचे, ५० गणिताचे आणि ५० इंग्रजीचे. पेपर इंग्रजीतच असतो. हे ऐकलं की मराठी शाळेतली पोर घाबरते, आणि आई तर तिथेच हात टेकते. थांबा जरा. हे प्रश्न कसे असतात ते बघा.

तर्काच्या भागात नात्यांची कोडी असतात. एक माणूस फोटोतल्या मुलीकडे बोट दाखवून म्हणतो, "ही माझ्या बायकोच्या सासूच्या एकुलत्या एका मुलीची मुलगी." ती त्याची कोण? आपल्यातल्या कुणालाही विचारा. बायकोची सासू म्हणजे त्याची आई, तिची एकुलती मुलगी म्हणजे त्याची बहीण, बहिणीची मुलगी म्हणजे भाची. झालं. इंग्रजीत भाची आणि पुतणीला एकच शब्द, आत्या-मावशी-काकू-मामीलाही एकच. आपल्याकडे प्रत्येक नात्याला स्वतंत्र नाव आहे, त्यामुळे मराठीत विचार करणाऱ्या मुलीचं डोकं इथे उलट जास्त वेगाने चालतं. तिला एवढंच सांगा की प्रश्न इंग्रजीत वाच, कागदावर नाती मराठीत मांड, उत्तर इंग्रजीत निवड.

दुसरा नेहमीचा प्रकार, आठ जणी गोल बसल्या आहेत, कोण कुणाच्या उजवीकडे, कोण समोर. गटाची बैठक तर रोजच्या पाहण्यातली. सगळ्या आत तोंड करून बसल्या असतील तर डावं-उजवं एका पद्धतीने मोजायचं, बाहेर तोंड करून बसल्या असतील तर नेमकं उलट. पोर अडली तर ताटाभोवती आठ वाट्या मांडून द्या, दोन दिवसांत तिच्या डोक्यात बसेल.

आकृत्यांच्या २५ प्रश्नांत भाषा जवळजवळ नाहीच. चार चौकोन दिलेले असतात, प्रत्येकात एखादा बाण फिरत जातो, एक ठिपका वाढत जातो, पुढच्या चौकोनात काय येईल ते ओळखायचं. ठिपक्यांची रांगोळी काढणारीला, गोधडीचे तुकडे जुळवणारीला यात घाबरण्यासारखं काही नाही.

गणित सहावी ते दहावीचं असतं. टक्केवारी, नफा-तोटा, व्याज, गुणोत्तर, काम आणि वेळ. एक उदाहरण देते, गटातल्या सगळ्यांनी करून बघा. शंभर रुपयांच्या पापडाच्या पाकिटाची किंमत आपण २० टक्क्यांनी वाढवली आणि प्रदर्शनात २० टक्के सूट दिली. पाकीट कितीला गेलं? बऱ्याच जणी म्हणतील शंभरालाच. नाही. वाढवल्यावर १२० झाले, १२० चे २० टक्के २४, म्हणजे ९६ ला गेलं. चार रुपये गेले. हा प्रश्न असाच्या असा परीक्षेत येतो, फक्त पापडाच्या जागी शर्ट असतो.

व्याजाचं उदाहरण तर आपल्याला पोटापाण्याचं आहे. दहा हजार रुपये शेकडा दोनने घेतले, बारा महिन्यांत सारख्या मुद्दलाच्या हप्त्यांनी फेडायचे. व्याज दर महिन्याला उरलेल्या रकमेवर लावलं तर वर्षभरात १,३०० रुपये होतं. पूर्ण दहा हजारांवरच शेवटपर्यंत लावलं तर २,४०० होतं. दर दोन्हीकडे 'शेकडा दोन'च. मुलीला हा हिशेब गटाच्या वहीवरून करायला सांगा. तिचा एक धडा होईल आणि दारावर येणाऱ्या फायनान्स कंपनीचा कागद वाचणारं माणूस घरात तयार होईल.

इंग्रजीच्या ५० प्रश्नांना मात्र जवळचा रस्ता नाही. उतारा वाचून उत्तरं द्यायची असतात, शब्दांचे अर्थ, वाक्यातल्या चुका असतात. त्याला रोज वाचनच लागतं. सगळ्यात सोपी युक्ती अशी की कांद्याच्या भावाची, पावसाची, अंदाजपत्रकाची बातमी आधी मराठी पेपरात वाचायची आणि तीच बातमी इंग्रजी पेपरात वाचायची. विषय आधीच कळलेला असतो, त्यामुळे न येणारे शब्दही उलगडतात. रोज एक बातमी. पाच महिन्यांत दीडशे होतात.

आणखी एक मुद्दा पक्का लक्षात ठेवा. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. प्रत्येक प्रश्नाला पाच पर्याय असतात. शेवटी वीस प्रश्न उरले आणि नुसत्या अंदाजाने खुणा केल्या तरी सरासरी चार बरोबर येतात. ते चार गुण हजार मुलांच्या पुढे नेऊ शकतात. म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. कॅटमध्ये हे चालत नाही, तिथे पर्यायाच्या प्रश्नात बरोबर उत्तराला तीन गुण आणि चुकलं तर एक वजा.

नव्वद पर्सेंटाइल म्हणजे नव्वद टक्के नाही

निकाल लागतो तेव्हा टक्के येत नाहीत, पर्सेंटाइल येतं. इथे आया फार फसतात. समजा तालुक्याच्या रांगोळी स्पर्धेत २०० जणी होत्या आणि तुमची मुलगी विसावी आली. तिच्या मागे १८० जणी, म्हणजे शंभरातल्या नव्वद मागे. तिचं पर्सेंटाइल साधारण ९०. तिला गुण किती पडले हे यात कुठेच येत नाही. परीक्षा वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या सत्रांत होते, एका सत्राचा पेपर सोपा तर दुसऱ्याचा अवघड निघतो, म्हणून गुणांऐवजी हा हिशेब धरतात.

या परीक्षेला दरवर्षी लाखाच्या वर अर्ज येतात. एक लाख मुलं धरली तर ९० पर्सेंटाइलवाल्या मुलीच्या पुढे दहा हजार मुलं आहेत, आणि ९९ वालीच्या पुढे एक हजार. मुंबईच्या जमनालाल बजाज संस्थेत, १९६५ साली सुरू झालेली ही संस्था मुंबई विद्यापीठाची आहे, ९९ च्याही पुढे लागतं. चर्चगेटची सिडनहॅम व्यवस्थापन संस्था, पुणे विद्यापीठाचा व्यवस्थापन विभाग यांनाही वरचंच पर्सेंटाइल लागतं. ९० म्हणजे "नव्वद टक्के पडले" असं समजून गावात पेढे वाटले आणि मग मनासारखं कॉलेज मिळालं नाही की पोरीला बोल लावले जातात. तिची त्यात चूक नसते.

दसरा ते होळी

परीक्षा गेली काही वर्षं मार्च-एप्रिलच्या सुमाराला होते. नेमकी तारीख सीईटी सेलच्या संकेतस्थळावर येते, तीच खरी मानायची. आपल्या हिशेबाने दसऱ्याला सुरुवात केली तर होळीपर्यंत पाच महिने मिळतात. ते पुरतात, पण रोज दोन तास असतील तरच.

आता या दोन तासांबद्दल बोलायचं आहे. माझ्या मते सगळ्या तयारीत अवघड गोष्ट हीच आहे, आणि क्लासवाला ती विकत देऊ शकत नाही.

दसऱ्याला सोयाबीन काढणीला येतं, मग कापूस वेचणी, मग हरभरा सोंगणी आणि गहू. माणूस मिळत नाही, पोरगी घरात असते, तिचा रोज वाचतो. संध्याकाळी भाकरी, पाणी, धाकट्या भावाचा अभ्यास. मुलगा परीक्षेला बसला तर आपण त्याच्या खोलीचं दार लावून घेतो आणि टीव्हीचा आवाज कमी करतो. मुलगी बसली तर म्हणतो, "भांडी झाली की बस अभ्यासाला." भांडी होईस्तोवर दहा वाजतात. दमलेलं डोकं ४५ सेकंदांत नात्याचं कोडं सोडवू शकत नाही. सुनेचं तर विचारूच नका. तिला "अभ्यास करते" असं म्हणायलाही धीर लागतो.

म्हणून सांगते, वेळ आधी ठरवा आणि घरात सगळ्यांसमोर बोलून ठेवा. सकाळी पाच ते सात असेल तर त्या वेळेचं पाणी दुसऱ्या कुणीतरी भरायचं. संध्याकाळी असेल तर त्या दोन तासांची भाकर दुसऱ्या कुणीतरी थापायची. 'दुसरं कुणीतरी' म्हणजे दर वेळी आईच असं नाही, घरात पुरुषही असतात. शेतीची ऐन गर्दी असेल तर आठ दिवस एक तास चालेल, पण शून्य नको. चार दिवस सोडून पाचव्या दिवशी दहा तास बसण्याने या परीक्षेत काही हाती लागत नाही.

अभ्यासाचा क्रम फार गुंतागुंतीचा नाही. दिवाळीपर्यंत सहावी ते दहावीची गणिताची पुस्तकं पुन्हा उघडायची. घरात नसतील तर ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतात. पाढे तीसपर्यंत, वर्ग पंचवीसपर्यंत तोंडपाठ. आई स्वयंपाक करता करता विचारू शकते, त्याला शिक्षण लागत नाही. दिवाळी ते संक्रांत तर्क आणि आकृत्या, कारण तिथे शंभर गुण आहेत. इंग्रजी वाचन पहिल्या दिवसापासून. संक्रांतीनंतर दर आठवड्याला एक पूर्ण पेपर, घड्याळ लावून, मध्ये न उठता. पेपर सोडवल्यावर तेवढाच वेळ तो तपासायला द्यायचा. कुठे चुकलं, का चुकलं, कोणत्या प्रश्नात तीन मिनिटं गेली, हे एका वहीत लिहायचं. नुसते पेपर सोडवत सुटणाऱ्या मुली तिथल्या तिथेच राहतात. चुकांची वही ठेवणाऱ्या पुढे सरकतात.

पेपर संगणकावर असतो हे विसरू नका. मोबाइलवर सराव केलेल्या मुलीला माउस हातात धरला की सुरुवातीला बावरायला होतं. ग्रामसंघाच्या किंवा प्रभागसंघाच्या कार्यालयात संगणक असेल तर रविवारी तीन तास तो मुलींना द्यायला काय हरकत आहे? ठराव करून ठेवा. शाळेतला, ग्रामपंचायतीतला संगणकही विचारून बघा. कॅटच्या संकेतस्थळावर सरावाचा पेपर फुकट असतो, पडदा कसा दिसतो हे कळायला तो पुरेसा आहे.

मग क्लास लावायचा की नाही

काही मुलींना लावावा लागतो. गणिताची फारच भीती असेल, घरात विचारायला कुणी नसेल, तर शिकवणारं माणूस हवंच. पण आधी महिनाभर घरी अभ्यास करू द्या. रोज दोन तास ती खरंच बसते का, ते त्या महिन्यात तिलाही कळेल आणि तुम्हालाही. फुकट शिकवणारे चांगले मास्तर यूट्यूबवर आहेत, मराठी-हिंदीतही आहेत. बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्था आपापल्या समाजघटकांतल्या मुलांना स्पर्धा परीक्षांचं मोफत प्रशिक्षण देतात. यंदा कोणत्या परीक्षेसाठी अर्ज मागवलेत ते त्यांच्या संकेतस्थळावर बघून घ्या.

क्लास लावायचाच असेल तर फी एकदम भरू नका, हप्ते मागा. अर्ध्यात सोडलं तर पैसे परत मिळतात का, हे लेखी घ्या. बॅनरवरच्या फोटोतली मुलं खरंच तिथेच शिकली का ते विचारा. आणि "एवढे भरा, कॉलेज आम्ही मिळवून देतो" असं कुणी म्हणालं की चप्पल घालून बाहेर पडा. सीईटीत कुणाची ओळख चालत नाही.

गटाचं कर्ज क्लाससाठी काढायचं झालं तर लहान काढा. मोठं कर्ज लागलंच तर ते प्रवेशानंतरच्या खर्चासाठी राखा, आणि तिथेही आधी बँकेचं शैक्षणिक कर्ज बघा. गटाचं शेकडा दोन म्हणजे वर्षाला २४ टक्के. बँकेचं शैक्षणिक कर्ज साधारण दहा टक्क्यांच्या मागेपुढे असतं आणि हप्ते सहसा शिक्षण संपून वर्ष झाल्यावर सुरू होतात. २०२४ पासून पीएम-विद्यालक्ष्मी योजना आहे. तिच्या यादीतल्या चांगल्या संस्थेत गुणवत्तेवर प्रवेश मिळाला तर तारण आणि जामीन न देता कर्ज मिळतं. उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजाची सवलतही आहे. आयआयएमची फी पंधरा-वीस लाखांच्या आणि त्याच्याही पुढे जाते, तिथे हीच वाट लागते.

कागद

अभ्यास उत्तम झाला आणि कागदांनी घात केला, असं होऊ नये. सगळ्यात आधी नाव. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक नाव, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं, हे आपल्याकडे घरोघरी आहे. सुनांचं तर माहेरचं नाव पदवीवर आणि सासरचं आधारवर. फॉर्मवरचं नाव आणि परीक्षेला दाखवायचं ओळखपत्र जुळलं पाहिजे. विवाह नोंदणी प्रमाणपत्र काढून ठेवा, गरज असेल तर राजपत्रात नावबदल करून घ्या. हे काम फॉर्म निघण्याच्या आधीचं आहे.

आरक्षणातून प्रवेश हवा असेल तर जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागतं. ते पडताळणी समितीकडून येतं आणि त्याला महिने लागू शकतात, जुन्या नोंदी शोधाव्या लागतात. मुलगी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असतानाच अर्ज टाकलेला बरा. इतर मागासवर्ग, भटक्या-विमुक्त जमाती, विशेष मागास प्रवर्ग आणि सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गाला नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र लागतं. त्यावरची मुदत बघा, जुनं चालत नाही. खुल्या गटातल्या गरीब कुटुंबाला ईडब्ल्यूएसचा दाखला. शिवाय अधिवासाचा आणि तहसीलचा उत्पन्नाचा दाखला सगळ्यांनाच लागेल. सेतू केंद्रात जूनच्या गर्दीत जाण्यापेक्षा जानेवारीत जा.

निकालानंतर

परीक्षा पास होऊन आपोआप प्रवेश मिळत नाही. सीईटी सेलची केंद्रीय प्रवेश प्रक्रिया असते, लोक तिला कॅप म्हणतात. तिथे पुन्हा नोंदणी करून, कागद तपासून, कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा. जे कॉलेज सगळ्यात जास्त हवं ते सगळ्यात वर, "मिळणार नाही बहुतेक" म्हणून ते खाली लिहायचं नाही.

मुलींसाठी इथे फार मोठी गोष्ट आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे, कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न आठ लाख किंवा त्याहून कमी असेल तर आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्ग आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींसाठी वेगळ्या शिष्यवृत्ती योजना आधीपासून आहेत. अर्ज महाडीबीटीवर होतो. पण अट अशी की प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेला ही माफी नाही, खासगी आणि अभिमत विद्यापीठांनाही नाही. एजंट जेव्हा सांगतो की "कॅपच्या भानगडीत पडू नका, थेट सीट देतो," तेव्हा तो तुमच्या मुलीची दोन वर्षांची फीमाफी काढून घेत असतो.

वसतिगृह आणि खानावळ माफीत येत नाही. त्यासाठी अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत कामगारांच्या मुलांना पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना स्वाधार योजना आहे. दोन्हीच्या अटी नीट वाचून घ्या.

आता एक कडू गोष्ट. प्रत्येक एमबीए उपयोगाचं नसतं. काही कॉलेजांत जागा रिकाम्या पडतात, शिकवायला माणसं नाहीत, आणि दोन वर्षांनी मुलगी आधी मिळाली असती त्याच पगारावर लागते. कॉलेजच्या माहितीपत्रकावर जाऊ नका. तिथून गेल्या वर्षी बाहेर पडलेल्या दोन मुलींचे फोन नंबर मिळवा आणि कुठे लागलात, पगार किती, असं सरळ विचारा. मनासारखं कॉलेज मिळालं नाही तर एक वर्ष काम करून पुन्हा परीक्षा देण्यात कमीपणा नाही. ते वर्ष मुलीला मिळावं, "आता स्थळ बघू" असं होऊ नये, हे घरात आधी ठरवून ठेवलेलं बरं.

आणि ज्या मुली गटाच्या वह्या लिहिण्यात मोठ्या झाल्या, ज्यांना दूध संघ, शेतकरी कंपनी, पापड-मसाल्याचा धंदा यातच रस आहे, त्यांना आणखी दोन नावं सांगा. गुजरातमध्ये आणंदला इर्मा ही ग्रामीण व्यवस्थापनाची संस्था आहे, १९७९ साली डॉ. वर्गीस कुरियन यांनी पुढाकार घेऊन उभी केलेली. पुण्यात वैकुंठ मेहता राष्ट्रीय सहकारी व्यवस्थापन संस्था आहे, तिथे कृषी व्यवसाय व्यवस्थापन शिकवतात. त्यांच्या प्रवेशाच्या तारखा राज्याच्या कॅपपेक्षा वेगळ्या असतात आणि बऱ्याचदा आधीच येतात, तेव्हा दिवाळीच्या सुमारासच दोन्हींची संकेतस्थळं उघडून बघायला सांगा.